रांगेतल्या बायांनी पाहिलेलं राज्य



८ मार्च जवळ आला की आपल्या गटांत लगबग सुरू होते. कुणी रांगोळी काढतं, कुणी भाषण पाठ करतं, कुणाच्या सत्काराची शाल आणायची राहिलेली असते. अशाच एका कार्यक्रमानंतर एका मैत्रिणीनं आम्हाला विचारलं, "ताई, महिला दिनाला हीच तारीख का हो?" त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता आम्ही फार लांब जाऊन पोचलो. एक मोठं राज्य कसं उभं राहिलं, अर्ध्या युरोपभर कसं पसरलं आणि कसं कोसळलं, ही सगळी गोष्ट त्या तारखेला बांधलेली आहे. आज तीच सांगतो.

साल १९१७. रशिया देशात झार नावाच्या राजाचं राज्य होतं. पहिलं महायुद्ध तिसऱ्या वर्षात होतं. लाखो शेतकरी आणि कामगार सैन्यात गेले होते. मागं घरात बाया, म्हातारी माणसं आणि पोरं. तेव्हाची राजधानी पेट्रोग्राड, म्हणजे आजचं सेंट पीटर्सबर्ग. तिथं कडाक्याच्या थंडीत बाया पहाटेपासून पावासाठी रांगा लावायच्या. दिवसभर गिरणीत काम, आणि काम सुटलं की पुन्हा रांग. पुष्कळदा नंबर येईपर्यंत पाव संपलेला असायचा.

महिला दिन त्याआधीही काही देशांत पाळला जायचा, पण सगळीकडे तारीख एक नव्हती. त्या वर्षी ८ मार्चला पेट्रोग्राडच्या कापड गिरण्यांतल्या बाया काम टाकून रस्त्यावर आल्या. दुसऱ्या कारखान्यांच्या दारात जाऊन त्यांनी पुरुष कामगारांना हाका मारल्या. मागणी एकच, पाव द्या. दुसऱ्या दिवशी गर्दी वाढली, तिसऱ्या दिवशी आणखी वाढली. पुढं सैनिकांनीच लोकांवर बंदूक चालवायला नकार दिला. आठवडाभरात झारला गादी सोडावी लागली. म्हणून ८ मार्च ही तारीख पक्की झाली. आपल्या रांगोळीच्या मुळाशी पावाची रांग आहे.

त्याच वर्षी नोव्हेंबरात लेनिन यांच्या नेतृत्वाखालच्या बोल्शेविक पक्षानं सत्ता घेतली. हेच पुढं कम्युनिस्ट म्हणवले जाऊ लागले. आपल्याकडे साम्यवादी म्हणतात. त्यांचं म्हणणं साधं होतं. जमीन, गिरण्या, खाणी कुणा एका मालकाच्या नसाव्यात, कष्ट करणाऱ्या सगळ्यांच्या असाव्यात. झेंड्यावर विळा आणि हातोडा. हातोडा कामगाराचा आणि विळा शेतात राबणाऱ्याचा, म्हणजे आपल्या हातातला.

सुरुवातीला बायांना जे मिळालं ते लहान नव्हतं. १९१८ च्या कायद्यानं लग्नाची नोंद सरकारी कचेरीत होऊ लागली, बाईला घटस्फोट मागता येऊ लागला, लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलालाही तोच हक्क मिळाला. १९२२ च्या जमीन कायद्यात शेतकरी कुटुंबातल्या बाईचा घरच्या जमिनीवर पुरुषाइतकाच हक्क मानला गेला. सातबाऱ्यावर नाव लागावं म्हणून आपण आजही तलाठ्याकडे हेलपाटे घालतो, तेव्हा हे किती मोठं होतं ते आपल्याला कळेल. झारच्या काळी शंभर बायांत वाचता येणाऱ्या वीससुद्धा नव्हत्या. १९१९ पासून गावोगाव साक्षरतेचे वर्ग निघाले. १९३९ च्या शिरगणतीत ऐंशीहून अधिक बायांना वाचता येत होतं. वीस वर्षांत झालेलं हे काम कुणालाही मान्य करावं लागतं.

पण मैत्रिणींनो, याच गोष्टीत दुसरा धागाही आहे.

१९२४ साली लेनिन गेले. पुढच्या काही वर्षांत सगळी सत्ता स्टालिन यांच्या हातात आली. १९२९ च्या अखेरीस त्यांनी ठरवलं की शेतकऱ्यांनी जमिनी, अवजारं, गुरं एकत्र करून सामूहिक शेती करायची. त्या शेतीला 'कोलखोज' म्हणत. ऐकायला गोष्ट चांगली वाटते. आपणही गट करून शेती करतो. फरक इतकाच की आपण मनानं एकत्र येतो, तिथं बंदुकीच्या धाकानं आणलं गेलं. ज्यांच्याकडे थोडं जास्त होतं त्यांना 'कुलक' ठरवलं. १९३० आणि १९३१ या दोन वर्षांत सुमारे १८ लाख माणसं बायकापोरांसकट घराबाहेर काढून लांब उत्तरेत आणि सायबेरियात पाठवली गेली.

गावोगाव गोठ्यातली गाय सोडून नेली जाऊ लागली. गाय म्हणजे पोराचं दूध. तेव्हा बाया पुढं आल्या. गाई परत आणायला त्या सामूहिक गोठ्यावर चालून गेल्या, बियाण्याचं धान्य गावाबाहेर जाऊ दिलं नाही, देवळाची घंटा उतरवायला आलेल्यांना अडवलं. पुरुष मागं थांबायचे, कारण पुरुषाला लगेच अटक व्हायची. बाया काय, अडाणी, कुणीतरी भडकवलं असेल, असं अधिकारी म्हणायचे. बायांनी त्याच समजुतीचा उपयोग करून घेतला. स्टालिनच्या पोलिसांच्याच नोंदीत १९३० या एका वर्षात अशा १३,००० हून जास्त उठावांची मोजदाद आहे. त्यातले ३,७०० हून अधिक मुख्यतः बायांचे होते.

सरकारला काही काळ माघार घ्यावी लागली. मार्च १९३० मध्ये स्टालिन यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून सगळा दोष खालच्या अधिकाऱ्यांवर ढकलला. लाखो कुटुंबं कोलखोजमधून बाहेर पडली. पुढं त्यांना पुन्हा आत ढकललं गेलंच. पण एक गोष्ट बायांनी मिळवली ती टिकली. घराजवळचा जमिनीचा छोटा तुकडा आणि एक गाय घरची राहील, हे नियमात आलं. हा तुकडा लक्षात ठेवा. तो पुढं परत येणार आहे.

त्यानंतर आला दुष्काळ. पाऊस कमी पडला म्हणून एवढी माणसं मेली नाहीत. गावांवर धान्याचा ठरलेला कोटा बसवला होता, आणि तो भरण्यासाठी घरातली पोती, बियाणंसुद्धा उचललं गेलं. त्यातलं धान्य परदेशी विकून यंत्रं आणली जात होती. ७ ऑगस्ट १९३२ ला एक कायदा निघाला. सामूहिक शेतातलं धान्य चोरणाऱ्याला मृत्यूची किंवा दहा वर्षांच्या तुरुंगाची शिक्षा. आपल्याकडे काढणी झाल्यावर बाया शेतात सरवा वेचतात. तसा सरवा वेचणाऱ्यांनाही हा कायदा लागला. उपाशी पोरासाठी मूठभर कणसं वेचणारी आई सरकारच्या लेखी गुन्हेगार ठरली. १९३२-३३ मध्ये युक्रेनमध्ये ३५ लाखांहून अधिक माणसं उपासमारीनं गेली. कझाकस्तानात आणि रशियातही लाखो गेली. त्याबद्दल बोलायलाही बंदी होती. युक्रेनमध्ये आता दरवर्षी नोव्हेंबरातल्या चौथ्या शनिवारी लोक खिडकीत मेणबत्ती लावून त्यांची आठवण काढतात.

आता दुसऱ्या महायुद्धाकडे येऊ. १९४१ साली हिटलरच्या जर्मनीनं सोव्हिएत संघावर हल्ला केला. या युद्धात सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसं मेली. गावांत कर्ते पुरुष उरले नाहीत. बैल, घोडे, ट्रॅक्टर आघाडीवर गेले, तेव्हा कित्येक गावांत बायांनी स्वतःच्या खांद्यावर दोर घेऊन नांगर ओढला. ते युद्ध त्या बायांनीही जिंकलं, हे विसरून चालणार नाही.

जर्मनीला हरवत सोव्हिएत फौजा बर्लिनपर्यंत पोचल्या आणि वाटेतल्या देशांत राहिल्या. १९४५ ते १९४९ या काळात पोलंड, हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया, रुमानिया, बल्गेरिया आणि पूर्व जर्मनी इथं मॉस्कोच्या मर्जीतली कम्युनिस्ट सरकारं आली. काही ठिकाणी लोकांचा खरा पाठिंबा होता, पण मोकळ्या निवडणुका कुठंच उरल्या नाहीत. १९४९ साली या देशांचा आर्थिक संघ झाला. १९५५ साली 'वॉर्सा करार' नावानं एकत्र लष्करी गट झाला. यालाच साम्यवादी गट किंवा पूर्वेकडचा गट म्हणत. चीन, क्युबा, व्हिएतनाम यांची वाट निराळी आहे. तिकडे आज जात नाही.

या गटात बाईचं आयुष्य कसं होतं? दोन्ही बाजू सांगतो. शिक्षण फुकट, दवाखाना फुकट, प्रत्येकीला काम. कारखान्याशेजारी पाळणाघर. डॉक्टर, इंजिनियर, यंत्रचालक म्हणून बाया सगळीकडे. व्हॅलेंटिना तेरेश्कोव्हा यांचं उदाहरण घ्या. खेड्यातला जन्म, वडील ट्रॅक्टर चालवायचे, ते युद्धात गेले. आई कापड गिरणीत, आणि मुलगीही गिरणीत कामाला लागली. तीच मुलगी १९६३ साली एकटी अवकाशात गेली आणि पृथ्वीभोवती ४८ फेऱ्या मारून आली. अवकाशात जाणारी जगातली ती पहिली बाई.

आणि दुसरी बाजू? घरचं काम मात्र बाईचंच राहिलं. कामावरून सुटलं की रांग. रशियन बायांच्या पर्समध्ये कायम एक जाळीची पिशवी असायची. तिचं नाव 'अवोस्का'. त्या शब्दाचा अर्थ, 'मिळालं तर मिळालं'. कुठं साबण आला, कुठं मटण आलं, कुठं बूट आले, कधी कळेल सांगता येत नाही, म्हणून पिशवी जवळ हवी. सगळ्यांना समान म्हणणाऱ्या पक्षाच्या सगळ्यात वरच्या मंडळात बाया जवळजवळ नव्हत्याच. आणि मोठ्या अधिकाऱ्यांसाठी दुकानं वेगळी होती, तिथं रांग नव्हती.

एवढा मोठा देश, अवकाशात माणूस पाठवतो, मग दुकानात साबण का नाही? कारण काय पिकवायचं, किती बनवायचं, केवढ्याला विकायचं, हे सगळं राजधानीत बसून ठरायचं. कारखान्याला आकडा गाठायचा असायचा. बूट घालता येतो का, हे विचारायला कुणी नव्हतं. आकडा गाठला नाही तर शिक्षा, म्हणून कागदावर आकडा फुगवायचा. वरचा त्याच्या वरच्याला तसाच आकडा सांगायचा. खूप पैसा शस्त्रांवर जात होता. आणि खोटं चाललंय हे उघड म्हणायची सोय नव्हती. आता तो घराजवळचा तुकडा आठवा. देशाच्या पेरणीतली जेमतेम तीन टक्के जमीन या परसातल्या तुकड्यांची होती. तिच्यातून शेतमालाच्या एकूण उत्पन्नाचा जवळपास चौथा हिस्सा यायचा. बटाटा, भाजी, दूध, अंडी, आणि तिथं राबणाऱ्या मुख्यतः बाया. त्याच वेळी सरकारला १९६३ पासून परदेशातून गहू विकत आणायची वेळ आली होती.

ज्यांनी प्रश्न विचारला त्यांना उत्तर रणगाड्यानं मिळालं. १९५६ साली हंगेरीत, १९६८ साली चेकोस्लोव्हाकियात. पूर्व जर्मनीतून माणसं पळून जाऊ लागली, तेव्हा १९६१ साली बर्लिन शहराच्या मधोमध भिंत घातली. रुमानियात तर सरकार बाईच्या पोटापर्यंत पोचलं. लोकसंख्या वाढवायची म्हणून १९६६ साली चाउशेस्कू सरकारनं गर्भपातावर बंदी घातली. गर्भनिरोधक साधनं मिळेनाशी झाली. कारखान्यांत बायांच्या तपासण्या होऊ लागल्या. लपूनछपून गर्भपात करताना हजारो बायांचे जीव गेले, आणि अनाथाश्रम नकोशा लेकरांनी भरले. १९८९ च्या डिसेंबरात ते सरकार पडलं आणि नव्या सरकारनं पहिल्या काही दिवसांतच हा कायदा रद्द केला.

या गटाची वीण उसवायला सुरुवात झाली तीही एका बाईपासून. पोलंडमध्ये ग्दान्स्क शहरात जहाज बांधायचा मोठा कारखाना होता, नाव लेनिनचं. तिथं आना वालेन्तिनोविच क्रेन चालवायच्या. कामगारांच्या बाजूनं बोलायच्या म्हणून, निवृत्तीला पाच महिने राहिलेले असताना, ऑगस्ट १९८० मध्ये त्यांना कामावरून काढलं. त्या वर्षी जुलैत मटणाचे भाव वाढले होते, आधीच लोक चिडलेले होते. १४ ऑगस्टला कामगारांनी संप केला. पहिली मागणी होती, आनाताईंना कामावर परत घ्या.

दोन दिवसांनी व्यवस्थापनानं त्या कारखान्यापुरतं मान्य केलं. पुढारी लेख वालेन्सा यांनी संप संपल्याचं जाहीर केलं, कामगार घरी निघाले. तेव्हा ट्राम चालवणाऱ्या हेन्रिका क्षिवोनोस, परिचारिका अलिना पिएन्कोव्स्का आणि आनाताई यांनी माणसांना थांबवलं, दारं बंद करायला लावली. त्यांचं म्हणणं असं, की तुमचं भागलं, पण छोट्या कारखान्यांतल्या लोकांचं काय? ते एकटे पडतील. संप चालू राहिला आणि शेकडो कारखान्यांत पसरला. त्यांच्या २१ मागण्यांत स्वतंत्र कामगार संघटना पहिली होती. त्यातच पाळणाघरात पुरेशा जागा आणि बाळंतपणानंतर पगारी रजा याही मागण्या होत्या. ३१ ऑगस्टला सरकारनं सही केली. त्यातून 'सॉलिडॅरिटी', म्हणजे एकजूट, ही संघटना उभी राहिली आणि तिचे जवळपास एक कोटी सभासद झाले.

डिसेंबर १९८१ मध्ये सरकारनं लष्करी कायदा लावून ती मोडायचा प्रयत्न केला. पुढारी तुरुंगात गेले, तेव्हा चोरून वर्तमानपत्र काढायचं, वाटायचं, निरोप पोचवायचं काम पुष्कळ ठिकाणी बायांनी केलं. १९८९ साली सरकार बोलणीला बसलं. पण त्या मुख्य टेबलाभोवती बाया जवळजवळ नव्हत्याच. संप वाचवायला बाया, आणि खुर्चीवर बसायला पुरुष. हे आपल्याला काही नवीन नाही.

इकडे १९८५ साली सोव्हिएत संघात गोर्बाचेव्ह सत्तेवर आले. त्यांनी बोलण्याची मोकळीक दिली आणि कारभार सुधारू पाहिला. १९८६ साली चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्रात स्फोट झाला. लोकांना खरं वेळेवर सांगितलं गेलं नाही, त्यामुळं राहिलासाहिला विश्वास गेला. तेलाचे भाव पडल्यानं तिजोरी आटली. गोर्बाचेव्ह यांनी शेजारच्या देशांत रणगाडे पाठवायचे नाहीत असं ठरवलं. मग काही वर्षांतच सगळं कोसळलं. जून १९८९ मध्ये पोलंडच्या निवडणुकीत सॉलिडॅरिटी जिंकली. ९ नोव्हेंबरला बर्लिनची भिंत उघडली. २५ डिसेंबर १९९१ ला गोर्बाचेव्ह यांनी राजीनामा दिला आणि सोव्हिएत संघाचे १५ देश झाले. शेवटच्या वर्षांत मॉस्कोच्या दुकानांपुढं पुन्हा लांबच लांब रांगा होत्या. राज्य रांगेतून जन्मलं आणि रांगेतच संपलं.

पुढं काय झालं, हे बचत करणाऱ्या बायांनी तर ऐकायलाच हवं. जानेवारी १९९२ मध्ये रशियात भावांवरचं नियंत्रण एकदम उठवलं. एका वर्षात भाव साधारण पंचवीस पट झाले. म्हातारपणासाठी, लेकीच्या लग्नासाठी बँकेत ठेवलेले पैसे होते तिथंच राहिले, पण त्यांत काही येईना. आयुष्यभराची बचत काही महिन्यांत मातीमोल झाली. कारखाने मूठभर लोकांच्या हातात गेले. पुरुषांचं सरासरी आयुष्य १९९० साली ६४ वर्षांच्या आसपास होतं, ते १९९४ पर्यंत ५८ च्या खाली आलं. पूर्व जर्मनीत कारखाने बंद पडले तेव्हा बायांच्या नोकऱ्या जास्त गेल्या. पुढं काय होईल या धास्तीनं तिथल्या जन्मांची संख्या पाच वर्षांत निम्म्याहून खाली आली. स्वातंत्र्य आलं, मतदान आलं, बोलायची मोकळीक आली, आणि त्याच दारातून बेकारीही आली. म्हणून तिथल्या म्हाताऱ्या बाया जुने दिवस आठवतात तेव्हा त्यांना वेडं म्हणू नये. त्यांना तुरुंग आठवत नाही, पाळणाघर आणि पेन्शन आठवतं. ज्यांच्या घरचं माणूस रातोरात उचलून नेलं, त्यांना मात्र वेगळंच आठवतं. दोघीही खरंच सांगतात.

आज पोलंड, हंगेरी, रुमानिया हे देश युरोपीय संघात आहेत. पूर्व जर्मनीच्या भागात आजही लहान मुलांना पाळणाघरात ठेवण्याचं प्रमाण पश्चिमेपेक्षा जास्त आहे. ती सवय राज्य गेलं तरी राहिली. पण जुन्या जखमाही राहिल्या. २०२२ पासून रशिया आणि युक्रेन यांच्यात चाललेलं मोठं युद्ध त्याच जुन्या घराच्या वाटणीचं भांडण आहे, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

आपला यांच्याशी काय संबंध? संबंध आहे. मुंबईला पवईत आयआयटी उभी राहिली ती १९५८ साली, सोव्हिएत मदतीनं. मॉस्कोत छापलेली स्वस्त, सुंदर चित्रांची मराठी पुस्तकं वाचून आपल्याकडची एक पिढी वाढली. सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे १९६१ साली रशियाला गेले, परत येऊन त्यांनी 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. गिरणगावातल्या आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला त्या देशात आशा दिसली होती, आणि ती आशा खोटी नव्हती. २०२२ साली मॉस्कोत अण्णाभाऊंचा पुतळाही उभा राहिला. आशा खरी होती म्हणूनच तिचं पुढं काय झालं, हे नीट पाहायला हवं.

मैत्रिणींनो, आम्ही हा कार्यक्रम तयार करत होतो तेव्हा आमच्यातच वाद झाला. एक म्हणाली, एकत्र येणंच चुकीचं ठरलं. दुसरी म्हणाली, तसं असतं तर सॉलिडॅरिटी कशी उभी राहिली असती? शेवटी आम्हाला असं वाटलं, की एकत्र येण्यात चूक नव्हती. चूक होती ती प्रश्न विचारणाऱ्याचं तोंड बंद करण्यात. कोलखोजमध्ये हिशेब वरचा माणूस लिहायचा आणि राबणारीला विचारायची सोय नव्हती. आपल्या गटाची वही सगळ्यांसमोर उघडते, आणि "हे पैसे कुठं गेले?" असं सगळ्यात गरीब सभासदही विचारू शकते, तोवर गट आपला. ज्या दिवशी ती विचारायला घाबरेल, त्या दिवशी नाव गटाचं राहील पण गट राहणार नाही.

येत्या बैठकीत एवढंच करून बघा. वही मध्ये ठेवा आणि आजवर कधीच न बोललेल्या सभासदाला पहिल्यांदा बोलू द्या. ती काय विचारते ते आम्हाला केंद्रावर येऊन सांगा. पुढचा कार्यक्रम तिथूनच सुरू करू.